जुन्या रेसिंग सायकलचे पार्ट कोणत्या सालचे? कॅम्पी आणि शिमानो मिक्स आहेत

प्रश्न

नमस्कार मंडळी, मामाची जुनी रेसिंग सायकल माझ्याकडे आलीये, कित्येक वर्षं भिंतीला टेकून पडलेली. मधे कधीतरी कोणीतरी नवा रंग मारलाय त्यामुळे एक स्टिकर शिल्लक नाही, आणि फ्रेम नंबर रंगाच्या थराखाली बुजलाय. मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) कॅम्पाग्नोलोचा, म्हणजे कॅम्पीचा, नुओवो रेकॉर्ड मॉडेल, त्यावर 'पॅट. ७४' लिहिलंय. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) मागे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार आणि त्यात ५. पण ब्रेक शिमानोचे! त्यांच्या मागच्या बाजूला 'एच ई' अशी दोन बारीक अक्षरं आहेत. मग सायकल ७४ ची की ७५ ची की आणखी नंतरची? मामा आता नाही, विचारायचं कुणाला. मला ती त्याने घेतली तेव्हा होती तशीच करायचीये, म्हणून ब्रेक मूळचे आहेत का हे कळणं फार गरजेचं आहे.

उत्तर १

मस्त वस्तू आहे, जपा. एकेक बघू. 'पॅट. ७४' हा आकडा पेटंट कधी मिळालं ते सांगत नाही, कॅम्पीवाले नुओवो रेकॉर्डवर तो दर वर्षी बदलायचे, म्हणून डिरेलर १९७४ च्या आसपासचा धरा, त्याहून जुना नाही. क्रँकवरचा चौकटमधला ५ म्हणजे १९७५. साधारण ७३ पासून ही चौकट आली, आत सालाचा शेवटचा आकडा, आणि ७० चं दशक संपता संपता चौकटच्या जागी गोल आला. म्हणून नुसता आकडा वाचून उपयोग नाही, भोवतीचा आकारही बघायचा, नाहीतर ७५ आणि ८५ मधे गल्लत होते.

आता ब्रेक. शिमानोची पद्धत अशी की पहिलं अक्षर साल आणि दुसरं महिना. १९७६ ला ए, ७७ ला बी, असं मोजत गेलात की एच येतो १९८३ ला. महिन्यात ए म्हणजे जानेवारी, म्हणून ई म्हणजे मे. तुमचे ब्रेक मे १९८३ चे. (२००२ ला अक्षरं परत ए पासून सुरू झाली, पण त्या काळचे ब्रेक दिसायलाच इतके वेगळे असतात की तो घोळ होणार नाही.) आणि हा तक्ता सनटूर कंपनीच्या पार्टला लावू नका, त्यांचं गणित वेगळं आहे.

डिरेलर आणि क्रँक एकमेकांना धरून आहेत, ब्रेक आठ वर्षांनी मागाहून आलेत. माझ्या मते ब्रेक बदललेले.

उत्तर २

वरच्यांशी सहमत पण एवढ्यावर साल पक्कं करू नका. मी एकदा हीच चूक केलीये. तीन गिअरची सायकल होती, स्टर्मी-आर्चर कंपनीच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) एडब्ल्यू हे मॉडेलचं नाव आणि शेजारी ६२ ७, म्हणजे जुलै १९६२, वाचायला एकदम सोपं असतं ते. मी खूश होऊन सगळी सायकल ६२ ची धरली आणि त्या हिशोबाने पार्ट गोळा करत बसलो. नंतर लक्षात आलं की मागचं अख्खं चाकच दुसऱ्या सायकलचं होतं.

तुम्ही हबचे लॉकनट बघा. कॅम्पीच्या हबवर ॲक्सलच्या लॉकनटवर 'कॅम' आणि सालाचे दोन आकडे असतात. ग्रीस आणि मातीने भरलेले असणार, रॉकेलमधे फडका बुडवून हलक्या हाताने पुसा, वायर ब्रश अजिबात नको, कोरीव अक्षराची कड गेली की गेली. मग टॉर्च बाजूने तिरपा धरा, समोरून उजेड मारला तर काही दिसत नाही. तरी नाही दिसलं तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा.

शिवाय चाक काढून मागच्या दोन्ही ड्रॉपआउटमधलं (फ्रेमच्या ज्या खाचांत ॲक्सल बसतो त्यांच्यामधलं) आतलं अंतर मोजा. १२० मिमी असेल तर फ्रेम पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलसाठी (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच), १२६ असेल तर बहुतेक सहाच्या.

प्रश्नकर्ता

आत्ता चाक काढलं! पुढच्या आणि मागच्या दोन्ही हबवर 'कॅम ७५', पेन्सिलने एकदम स्वच्छ उमटलं. अंतर १२० मिमी, फ्रीव्हील पाच चकत्यांचंच. आणि एक गोष्ट, मागच्या ब्रेकच्या पुलाला (ज्या आडव्या नळीवर ब्रेक बसतो तिला) आरपार साधं भोक आहे पण नटाच्या बाजूने ते कोणीतरी ड्रिलने मोठं केलंय, कड ओबडधोबड आहे आणि आत रंगही नाही.

उत्तर १

मग झालंच की! जुन्या ब्रेकचा बोल्ट आरपार जातो आणि बाहेरून साधा नट लागतो, नंतरच्या ब्रेकला आत बसणारा ॲलन नट असतो, त्याला भोक मोठं लागतं. ८३ चे ब्रेक बसवायला कोणीतरी ड्रिल मारलंय, आणि भोकात रंग नाही म्हणजे ते रंगानंतर झालंय. हब, क्रँक, डिरेलर तिघंही एक बोलतायत, सायकल १९७५ ची किंवा लगेच पुढची.

मूळचे ब्रेक कॅम्पीचेच असतील असं मात्र धरू नका. त्यांचे ब्रेक महाग होते म्हणून कॅम्पी गिअरच्या सायकलवर वाइनमन, युनिव्हर्सल, माफाक या कंपन्यांचे ब्रेक सर्रास दिसायचे. माफाकचे रेसर मॉडेलचे, म्हणजे केबल मधून ओढणारे ब्रेक असते तर मागे केबल अडकवायला सीट बोल्टपाशी छोटा हँगर लागला असता, तो शिल्लक आहे का बघा. आणि मामाचे जुने फोटो असतील तर त्यात ब्रेकचे हात नीट बघा, मधून ओढणारे आणि बाजूने ओढणारे फोटोतसुद्धा ओळखू येतात.

प्रश्नकर्ता

हँगर आहे! मला वाटलं घंटीचा काहीतरी तुकडा असेल. मामीकडे अल्बम आहे, रविवारी जाऊन बघतो आणि इथे टाकतो.