मदत हवी आहे: अण्णांना लाल मिरची काळपट दिसायली. घराण्यातलं की नंतर आलेलं?

नमस्कार मंडळी, धर्माबादहून (जि. नांदेड) लिहितोय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमचे अण्णा ६१ वर्षांचे. तीसेक वर्षं मिरचीच्या अडतीवर मुनीम होते. पोतं फोडून मूठभर मिरची उन्हात धरली की माल कोणत्या भावाचा ते सांगायचे. आता काम सोडलंय, तरी हंगामात कुणी ना कुणी मिरची दाखवायला घरी येतंच. गेल्या महिन्यात शेजारचे काका नवा माल घेऊन आले. अण्णांनी एक मिरची देठाला धरून उलटीपालटी केली, ओसरीवरून अंगणात उन्हात नेली आणि म्हणाले, "ही अशी काळपट काहून दिसायली? भिजली होती का?" मिरची लालभडक होती. मी बघितली, आईनं बघितली. काका गप्पच बसले.

मग मागचं आठवायला लागलं. कुंकू बदललंस का, असं त्यांनी आईला दोनदा विचारलं होतं. अण्णांना फुप्फुसाचा टीबी आहे, गोळ्यांचा पाचवा महिना चालू आहे. या गोळ्यांनी लघवी केशरी होते हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. परवा म्हणाले, "आता पहिल्यासारखी केशरी दिसंना, गोळीचा जोर कमी झाला का?"

घोळ पुढे आहे. माझा भाचा रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटची (सहायक इंजिनचालकाची) परीक्षा पास झाला, पण मेडिकलमध्ये रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्याला ओळखता आले नाहीत. हा रंगांधळेपणा आईकडून मुलाला येतो असं त्याला तिथं कळलं. म्हणजे माझ्या बहिणीकडून, म्हणजे अण्णांकडून! त्यामुळे अण्णा मिरचीला काळपट म्हणाले तेव्हा मावशी लगेच म्हणाली, "बघा, यांनाही होतंच, आता उघड पडलं." मला पटत नाही, पण खोडून काढायला मुद्दाही सापडत नाही. शुगर नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही म्हणतात. चष्म्याच्या दुकानात दाखवलं, लांबचा नंबर तोच आहे. जन्मापासूनचं आणि नंतर आलेलं, हे वेगळं कसं ओळखायचं? कुठं दाखवू?

गोदाकाठ:
मोतीबिंदूच असेल. माझ्या आईला ऑपरेशननंतर पांढरी साडी निळसर दिसायची, आधी सगळं पिवळट दिसत होतं ते तिला कळलंच नव्हतं. घाबरू नका, ऑपरेशन करून टाका.

ठिपके:
मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे आणि जन्मापासून लाल-हिरव्यात गोंधळतो. तुमच्या लिखाणात एक गोष्ट मला खटकली. रंग बदलला, असं मी आयुष्यात कधी म्हणालो नाही. बदलायला आधी वेगळा दिसायला हवा ना! लहानपणी रंगकांडीवरचं नाव वाचून चित्र रंगवायचो. बोर पिकलंय का ते दाबून बघायचो. बाकीच्यांना ते लांबून कळतं हे सातवीत समजलं. अण्णा काल आणि आज यातला फरक सांगतायत. आमच्यासारख्यांची तक्रार अशी नसते.

मात्र तीस वर्षं मिरची पारखली म्हणजे जन्मजात दोष नव्हता, असंही धरू नका. मी असतो तर चकाकी, वास, सालीचा कडकपणा यांवर निभावून नेलं असतं.

नेत्रतपासनीस_लातूर:
दादा, बाकी चर्चा नंतर. आधी गोळ्यांचं पाकीट काढून नावं वाचा. इथॅम्ब्युटॉल असणारच, कारण आपल्याकडे ते पहिले दोन महिने चार औषधांच्या गोळीत आणि पुढचे चार महिने तीन औषधांच्या गोळीत असतं. या औषधानं दृष्टीच्या नसेला इजा होऊ शकते आणि पहिली खूण बऱ्याचदा हीच असते: लाल रंग फिका, मळकट किंवा तपकिरी वाटायला लागतो. साधारण दोन महिन्यांनंतर कधीही सुरू होतं. ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी कमजोर असेल तर धोका जास्त. उद्याच सकाळी टीबीच्या डॉक्टरांना आणि नेत्रतज्ज्ञांना, दोघांनाही दाखवा. घरच्या घरी गोळ्या बंद करू नका. एकाच गोळीत तिन्ही औषधं असतात, त्यातलं एक तुम्हाला वेगळं काढता येणार नाही आणि सगळीच थांबली तर टीबी उलटेल. इथॅम्ब्युटॉल थांबवायचं का, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी ठरवायला हवं.

चष्म्याचा नंबर तोच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डोळ्याच्या आत टॉर्च मारून बघितलं तरी सुरुवातीला नस चांगली दिसू शकते.

आता फरक कसा ओळखायचा. जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो, आयुष्यभर तेवढाच राहतो, नजर बाकी स्वच्छ असते आणि गोंधळ बहुतेक वेळा लाल-हिरव्यातच होतो. नंतर आलेला दोष वाढतो किंवा कमी होतो, एका डोळ्यात जास्त असू शकतो, सोबत नजर पुसट होते किंवा नजरेच्या मधोमध डाग येतो. कोलनर या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १९१२ मध्ये ढोबळ नियम सांगितला होता: डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या आजारात निळा-पिवळा बिघडतो, नसेच्या आजारात लाल-हिरवा. अपवाद भरपूर आहेत. काचबिंदू नसेचा आजार, पण त्यात निळा-पिवळा आधी जातो. म्हणून अण्णांचा लाल-हिरवा गोंधळ बघून कुणी "हे जन्मजातच" म्हणालं तर ऐकू नका. नसेच्या इजेतही तोच बिघडतो.

ठिपक्यांचं पुस्तक जपानी नेत्रतज्ज्ञ इशिहारांनी १९१७ मध्ये काढलं, ते मुळात जन्मजात लाल-हिरवा दोष शोधायला. निळ्या-पिवळ्याचा दोष त्यात सापडत नाही. त्यासाठी रंगीत टोपणं क्रमानं लावायची डी-१५ चाचणी मागा. एकेक डोळा झाकून तपासायला सांगा. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाला झाकतो. मोतीबिंदूही रंग बदलतो, गोदाकाठ यांचं ते खरं, पण तो सावकाश वर्षानुवर्षं पिवळट करत नेतो आणि निळा-जांभळा आधी खातो. काही आठवड्यांत लाल काळवंडणं त्यानं सहसा होत नाही.

घराण्याचं म्हणाल तर हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. भाच्याला एक्स आईकडूनच मिळाला, पण तुमच्या बहिणीला एक एक्स अण्णांचा आणि एक तुमच्या आईचा आहे. भाच्याकडे आलेला आजीकडचाही असू शकतो. त्यामुळे भाच्याच्या रिपोर्टवरून अण्णांबद्दल काहीच ठरत नाही. तुमचे रंग ठीक असले तरी त्यावरूनही नाही, कारण वडिलांचा एक्स मुलाला मिळतच नाही.

धागाकर्ता:
वाचलं तेव्हा हातपाय गळाले. पाकिटावर तीन नावं आहेत, तिसरं तेच. औषधाच्या बाटलीचं लाल झाकण अण्णांना एकेका डोळ्यानं दाखवलं. दोन्हींनी "मातकट" म्हणाले. वाचताना ओळीच्या मधली अक्षरं उडतात, हेही आत्ता विचारलं तेव्हा सांगितलं. चष्मा जुना झाला असेल म्हणून बोलले नव्हते. सकाळी नांदेडला निघतोय.

धागाकर्ता (चार दिवसांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. नांदेडच्या नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले. ठिपक्यांचं पुस्तक, टोपणं, आणि एका यंत्रात बघून लुकलुकणारे बिंदू दिसले की बटण दाबायची तपासणी. दोन्ही डोळ्यांत मधोमध नजर अंधुक झालीय. आतून नस अजून चांगली दिसते. त्यांनी तिथूनच टीबीच्या डॉक्टरांना फोन लावला. इथॅम्ब्युटॉल त्याच दिवशी बंद झालं, बाकीची औषधं वेगळ्या गोळ्यांत चालू आहेत. किडनीसाठी रक्त तपासलं, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी थोडी मंद असावी.

तीन आठवडे आम्ही घराण्याच्या वादात घालवले याचं मला फार वाईट वाटतंय. अण्णा दर वेळी नीट सांगत होते, आम्ही ऐकत होतो आणि सोडून देत होतो. टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या कुणी घरात रंगाबद्दल काही म्हणालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

भाच्याचं त्यांनी वेगळं सांगितलं. त्याचं जन्मजात आहे, वाढणार नाही, त्यावर औषध नाही. चालकाच्या पदाला तो बसणार नाही, पण रेल्वेतच सी-वन, सी-टू वर्गाच्या पदांना रंगाची अट नसते. पुढची जाहिरात तो त्या हिशोबानं बघतोय.

औषध थांबल्यावर बऱ्याच जणांचं परत येतं, पण वेळ लागतो आणि सगळ्यांचं पूर्ण येतंच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढची तारीख महिन्यानं आहे. अण्णा रोज सकाळी ते झाकण उन्हात धरून बघतात. कुणाच्या घरी असं झालं असेल तर लाल रंग परत दिसायला किती दिवस लागले, तेवढं कृपया लिहा.