मेक्सिकन हाटेल ओस पडलं, त्यात आमच्या जिभेचा काय दोष?

खारपाणपट्टा:
हायवेला लागून नवं मेक्सिकन हॉटेल निघालंय, त्यावर परवा इथं एका भाऊंनी लिहिलं. सार असं की, पुण्यामुंबईसारखं काही आपल्या तालुक्यात आलं, पण आपल्या लोकांची जीभ तर्रीच्या पलीकडं जात नाही, म्हणून टेबलं रिकामी. दोष हॉटेलचा नाही, आपल्या गावठीपणाचा. खाली माना डोलावणारेही बरेच. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

भाची बारावी पास झाली म्हणून घरचे सगळे गेलो होतो. आधी नाचोज आले. वर चीज म्हणून ओतलेला पिवळा रस्सा पाच मिनिटांत असा घट्ट झाला की चमचा घातला तर वरची साय अख्खीच्या अख्खी उचलून आली, खालचे तुकडे कोरडे. गुआकामोले म्हणजे अवाकाडोची चटणी, तर तिच्यात वाटाण्याची सालं दाताखाली आली. वेटरला विचारलं तर म्हणे, "सर, अवाकाडो सध्या भेटून नाही राह्यला." टाकोची पोळी मैद्याची, थंडगार, हातात घेतली की मधोमध फाटणारी. बुरिटोच्या पोटात शेजवान राइस. साल्सा म्हणजे केचपमध्ये चिरलेला कांदा. आणि बिलावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज.

आता जिभेचं. मेक्सिकोत टॉर्टिया, म्हणजे तिथली पोळी, मक्याची. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन दगडी पाट्यावर वाटतात आणि तव्यावर भाजतात. सोबत कांदा, टमाटर, कोथिंबीर, लिंबू, घेवडा, मिरची. यातलं वऱ्हाडातल्या माणसाला परकं काय आहे? मिरची तर मुळात तिकडचीच, पोर्तुगीजांनी आणली तेव्हा आपल्याला मिळाली. ज्या घरात रोज भाकर थापली जाते तिथल्या माणसाला शिळी टॉर्टिया ओळखू येणार नाही? ओळखू येते, म्हणून तर तो दुसऱ्यांदा जात नाही.

नागपूर_रिटर्न:
तालुक्याच्या ठिकाणी जाऊन मेक्सिको सिटी शोधायची आणि सापडली नाही की बोंबलायचं. ते हॉटेल इथल्याच पोराचं आहे. हॉटेल मॅनेजमेंट केलं, बँकेचं कर्ज काढलं, बापाचं शेत गहाण आहे. पुण्यात नोकरी करत बसला असता तर तुम्हीच म्हणाले असते की पोट्टे गावात थांबत नाहीत.

आणि नाचोजच्या परंपरेचं फार कौतुक नको. 1943 मध्ये पिएद्रास नेग्रास या सरहद्दीवरच्या गावात काही अमेरिकन बायका अवेळी हॉटेलात आल्या. स्वयंपाकी जागेवर नव्हता. इग्नासियो अनाया नावाच्या माणसानं टॉर्टियाचे तुकडे तळले, चीज टाकलं, वर हालापिनो मिरच्या ठेवल्या आणि दिलं पाठवून. घरात होतं त्यातच भागवलं ना? त्यानं केलं की इतिहास, आपल्या पोरानं वाटाणा वापरला की फसवणूक!

खारपाणपट्टा:
अनायानं मिरचीला मिरचीच म्हटलं. मेनूत 'वाटाण्याची चटणी' लिहा, मी दोन वाट्या मागवीन. अवाकाडोचा भाव लावून वाटाणा देऊ नका, एवढंच म्हणणं आहे. आणि शेत गहाण असल्यानं चीज पातळ होत नाही.

पऱ्हाटी:
थे नाचोज कितीले होतं?

खारपाणपट्टा:
260. वर टॅक्स.

पऱ्हाटी:
आता ऐका. औंदा सोयाबीन सोडून दोन एकर मका लावला मी. रानडुकरानं एक कोपरा पार लोळवला, रोह्यायनं, म्हंजे नीलगायीनं, उरलेल्यात हात मारला. मक्याचा हमीभाव 2025-26 साठी क्विंटलले 2400. म्हंजे किलोले 24 रुपये. माह्या मक्याले बजारात थेवढेही नाही भेटले. व्यापारी म्हने ओलावा हाय. अन् तुमी मूठभर तुकड्याचे 260 देऊन त्याच्यावरच्या सायीची तक्रार करून राह्यले! आमी कोनाकडं करावं?

नागपूर_रिटर्न:
भाऊ, विषय हॉटेलचा चालू आहे. प्लेटचा भाव मक्यावर ठरत नाही. भाडं, कमर्शियल सिलेंडर, विजेचं बिल, पगार, सगळं त्यात येतं.

पऱ्हाटी:
हाव ना! मंग माह्या मक्यात बियानं, खत, डिझल, सोंगनीची मजुरी, मळनीवाल्याचे पैसे, हे येत नाही का? तुमचा खर्च जोडून भाव निंघते अन् आमचा भाव दिल्लीत ठरते, अन् थोही कागदावरच. थ्या पोराचं शेत गहान हाय म्हून तुमाले कळवळा आला. आमचंही सोसायटीत गहानच हाय, आमाले कोन स्टार देते?

नागपूर_रिटर्न:
प्रत्येक धाग्यावर येऊन हमीभाव काढायचा. पावसाचा धागा असो की लग्नाचा. सहानुभूती आहे, पण अति होतं.

पऱ्हाटी:
सहानुभूती ठेव तुह्याजवळ. ओलावा मोजाचं यंत्र व्यापाऱ्याच्याच हातात असते, त्याच्यावर काढ एखादा धागा. नाही काढनार. तुमाले अवाकाडो पायजे.

कायद्यानं_बोला:
अहो थांबा दोघेही. मूळ पोस्टमधला मुद्द्याचा भाग कुणी वाचलाच नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. काढून मागायचा. नाही काढला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. जीएसटीचंही बघा. हॉटेल कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत, असेल तर तो गिऱ्हाइकाकडून घेताच येत नाही, बिलावर तसं छापलेलं असतं. आमच्याकडे लोक बिल बघतच नाहीत, घडी घालून खिशात.

नागपूर_रिटर्न:
दहा टक्के वेटर पोरांना जात असतील तर काय बिघडलं?

कायद्यानं_बोला:
जात असतील तर. विचारलंय कधी एखाद्या वेटरला?

पाटावरवंटा:
मी बाईमाणूस म्हणून स्वयंपाकावरच बोलते, बाकी तुमचं चालू द्या. चुन्यातल्या मक्याबद्दल वाचून घरी करून पाहिलं. खायच्या चुन्याची निवळी घेतली, मका उकळला, रात्रभर ठेवला. सकाळी चोळला तर वरचं टरफल हातात सुटून आलं. चांगलं तीनचार पाण्यांतून धुवावं लागतं, नाहीतर जीभ सोलते. वाटलेल्या पिठाला चिकटपणा येतो, साध्या मक्याच्या पिठाची भाकर तुटते तशी ही तुटत नाही. वासच वेगळा. त्या प्रक्रियेनं मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला लागू पडतं. युरोपात मका नेला पण ही रीत नेली नाही, तिथं मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, झाला. सांगायचं काय तर यात महागडं काहीच नाही. मका इथला, चुना इथला, पाटा घरोघरी पडून आहे. त्या मुलानं एक बाई ठेवली असती तर मैद्याच्या पोळ्या आणाव्या लागल्या नसत्या.

खर्रा_सोडला:
ताई, चुना तर आपल्याकडं प्रत्येकाच्या खिशात. आता कळलं, आपण अर्धे मेक्सिकन आधीपासूनच होतो 😄

पऱ्हाटी:
ताई, तुमी मका कितीनं घेतला?

पाटावरवंटा:
दुकानातून, 40 रुपये किलो. आणि हो, कळलं मला तुम्ही काय म्हणणार ते.

पऱ्हाटी:
मी काईच म्हनत नाही. लोकायनं पाहावं.

मुदपाकखाना:
मी या हॉटेलच्या किचनमध्ये काही महिने होतो, आता नाही. नाव सांगणार नाही. पोळ्या नागपूरहून गोठवलेल्या पाकिटात येतात. उन्हाळ्यात लाइन गेली की फ्रीजर बंद. जनरेटरचं डिझेल परवडत नाही म्हणून तो फक्त गिऱ्हाईक असलं की चालू. पाकिटं वितळतात, लाइन आली की पुन्हा गोठतात, म्हणून त्या फाटतात. अवाकाडो पहिल्या महिन्यात खरे आणले होते. एक टेबल मागवायचं, बाकीचे काळे पडून फेकायचे. वाटाण्याची कल्पना आम्हा किचनवाल्यांची, मालकाची नव्हे. त्याला आवडली नव्हती, पण दुसरं काही सुचलं नाही. रात्री बारापर्यंत तो स्वतः कांदा चिरत असतो. चीज सॉस डब्यातला, गरम ठेवायला बेनमारी, म्हणजे गरम पाण्याची पेटी आहे, तीही लाइटवर.

नागपूर_रिटर्न:
घ्या. ऐका आता.

खारपाणपट्टा:
ऐकलं. पोरगा मेहनती आहे, मान्य. कांदा छान चिरला होता, तो केचपमध्ये गेला तरी. पण मग ज्या भाऊंनी आम्हाला गावठी ठरवलं त्यांनी हे का नाही लिहिलं? लाइन जाते, फ्रीजर बंद पडतो, माल खराब होतो, असं लिहिलं असतं तर मी महावितरणला शिव्या घातल्या असत्या, त्या पोराला नाही. त्याऐवजी दोष काय, तर आमच्या जिभेचा!

नागपूर_रिटर्न:
त्या भाऊंची पोस्ट जरा अतिच झाली होती, तेवढं मान्य. पण "थंडगार, शिळी" असं चारचौघांत लिहिण्याआधी त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

खारपाणपट्टा:
सांगितलं की. वेटर म्हणाला, फीडबॅक फॉर्म भरा. फॉर्म भरला. पेन माझंच होतं, तेही तिथंच राहिलं.

पाटावरवंटा:
त्या मुलाला कुणी ओळखत असेल तर कळवा, मका भिजवायची रीत मी शिकवीन. पैसे नकोत. फक्त मका या पऱ्हाटी भाऊंकडून घ्यावा.

पऱ्हाटी:
24 रुपयानं. उधार नाही.

खर्रा_सोडला:
बाकी सोडा. रविवारी पोट्ट्यायले घेऊन जायचं हाये, तथी त्यायच्या खायाजोगं काई भेटते का?

मुदपाकखाना:
मोमोज घ्या. मेनूत शेवटच्या पानावर आहेत. बनवणारा दार्जिलिंगचा आहे, आणि ते ताजे असतात.