"घरी जायचंय" म्हणजे नक्की कुठे?

एकांनी विचारलंय की आईला वृद्धाश्रमात ठेवलंय, खोली स्वच्छ आहे, डॉक्टर आहेत, सगळं वेळेवर मिळतं, मग आई सारखं "घरी जायचंय" का म्हणते. माझी मावशी तीन वर्षं अशाच ठिकाणी होती म्हणून लिहावंसं वाटलं. तिला खुपायचं ते वेगळंच, दार न वाजवता कोणीही आत यायचं आणि लाईट कधी बंद करायची तेही दुसरंच कोणीतरी ठरवायचं. मग तिची जुनी खुर्ची नेली, खिडकीकडे तोंड करून ठेवली, स्टाफला दार वाजवूनच आत या म्हणून विनंती केली, तेव्हा कुठे ती "माझी खोली" म्हणायला लागली.

१९७६ चा लँगर आणि रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममधला, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची राहण्याची आणि देखभालीची सोय असते तिथला. एका मजल्यावरच्या लोकांना बारीकसारीक निर्णय स्वतः घ्या म्हटलं, एक रोपटं सांभाळायला दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपटं दिलं, पण पाणी नर्स घालणार. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे जास्त खूश आणि हालतेफिरते दिसले!

आईंना विसरायला होत असेल तर "अगं हेच तुझं घर" असा वाद नका घालू प्लीज. कधीकधी त्यांना घाबरल्यासारखं किंवा एकटं वाटत असतं आणि ते असं बाहेर येतं. "घरी कोण कोण असायचं गं?" असं विचारून बघा, बोलू द्या. आणि किल्ल्या काढून घेतल्या असतील तर एखादी परत द्या, कपाटाची का होईना.