मदत हवी आहे: वर्डमध्ये फोटोंची नुसती पट्टी दिसतेय, काही जागी लाल फुली

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेची स्मरणिका काढतोय. मजकूर बहुतेक मराठी, पण बीईओ (गटशिक्षणाधिकारी) साहेबांचा शुभसंदेश, एसडीएमसी (शाळेची व्यवस्थापन समिती) अध्यक्षांचं मनोगत आणि देणगीदारांची निम्मी यादी कन्नडमध्ये आहे. सगळं वर्ड २०१६ मध्ये, एकाच फाइलीत. टायपिंग गावातल्याच एका पोरानं हौसेनं करून दिलं. तो आता नोकरीसाठी पुण्याला असतो, तिथून त्यानं फाइल मेल केली.

अडचण अशी की निम्म्याहून जास्त फोटो धड दिसत नाहीत. कणकुंबीच्या सहलीचा जुना ग्रुप फोटो आहे, मलप्रभेच्या उगमाजवळ सगळी पोरं रांगेत उभी. त्यातल्या फक्त चपला दिसतात! वरचा सगळा भाग गायब. फोटोवर क्लिक केलं की चौकट पूर्ण उंचीची येते, म्हणजे फोटो आत आहे. कोपरा धरून मोठा केला तरी पट्टी तेवढीच.

दुसरा प्रकार वेगळा. माजी मुख्याध्यापकांच्या पानावर फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी, आत लाल फुली आणि 'लिंक्ड इमेज दाखवता येत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. पोराला फोन केला तर म्हणतो, "काका, माझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसतंय की."

गंमत म्हणजे मुखपृष्ठावरचा शाळेच्या इमारतीचा फोटो एकदम झकास आहे. मग बाकीच्यांनाच काय झालं? प्रेसवाले घाई करताहेत. कुणाला माहीत असेल तर सांगा की ओ.

निपाणीकर:
कन्नड मजकूर नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप केलाय काय? आमच्या ऑफिसात नुडीची फाइल आली की हमखास घोळ होतो. वर्ड काढून परत टाकून बघा.

डीटीपीवाला, शहापूर:
निपाणीकर, नुडीचा जुना फॉन्ट समोरच्या मशिनवर नसला तर अक्षरांचा कचरा होतो, फोटोचे पाय-डोकं वेगळं होत नाही. आणि वर्ड परत टाकून काही उपयोग नाही, बिघाड प्रोग्रॅममध्ये नाही, फाइलीत आहे. पण कन्नडवरचा तुमचा संशय आडवाटेनं खरा निघेल असं वाटतं.

धागाकर्ते, चपलांच्या फोटोवर कर्सर ठेवा, होम टॅबमध्ये पॅराग्राफची खिडकी उघडा आणि लाइन स्पेसिंगमध्ये काय लिहिलंय ते बघा. 'एक्झॅक्टली' आणि पुढे १८ पॉइंट की काहीतरी असणार.

कारण सांगतो. मराठीला मंगल, कन्नडला तुंगा, इंग्रजी आकड्यांना आणखी तिसराच फॉन्ट असं मिसळलं की प्रत्येक फॉन्टची ओळीची उंची निराळी असते. वर्ड त्या ओळीतल्या सगळ्यात उंच फॉन्टप्रमाणे जागा सोडतं, म्हणून ओळी वर-खाली दिसतात. आपल्या भागात दोन भाषांची पत्रिका करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. मग टायपिंग करणारा वैतागून सगळं सिलेक्ट करतो आणि एक्झॅक्टली लावतो. ओळी सुतासारख्या सरळ होतात.

पण वर्डच्या लेखी 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवलेला फोटो म्हणजे त्या ओळीतलं एक मोठं अक्षरच. ओळ १८ पॉइंटचीच राहील असं बजावल्यावर फोटोचाही तेवढाच भाग दिसणार. फोटो ओळीवर पाय टेकून बसतो, म्हणून खालची पट्टी दिसते आणि वरचं कापलं जातं. मुखपृष्ठाचा फोटो वाचला कारण त्याला 'स्क्वेअर' किंवा 'बिहाइंड टेक्स्ट' दिलेलं असणार. असे तरंगते फोटो ओळीच्या उंचीला जुमानत नाहीत.

उपाय: फोटोच्या परिच्छेदावर कंट्रोल आणि १ दाबा, सिंगल स्पेसिंग होईल, फोटो पूर्ण उघडेल. फोटो पुष्कळ असतील तर रिप्लेस उघडा. फाइंडमध्ये ^ चिन्ह आणि लगेच इंग्रजी छोटा जी, रिप्लेसमध्ये ^ आणि &. मग मोअर, फॉरमॅट, पॅराग्राफमध्ये जाऊन सिंगल निवडा आणि रिप्लेस ऑल. फक्त ओळीतल्या फोटोंचे परिच्छेद बदलतील, बाकी मजकूर आहे तसाच राहील. आधी फाइलची कॉपी करून ठेवा.

पुढच्या वेळी पूर्ण मजकूर निर्मला यूआय फॉन्टमध्ये घ्या. देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या त्यात आहेत, विंडोज ८ पासून सोबतच येतो. ओळींची उडी बरीच कमी होते आणि एक्झॅक्टलीची गरजच लागत नाही. दिसायला मंगलपेक्षा बराच, माझ्या मते तरी.

कडोलीची वाचक:
लाल फुलीबद्दल मी सांगते. त्या मुलानं फोटो टाकताना इन्सर्टऐवजी 'लिंक टू फाइल' निवडलेलं आहे. त्यामुळे फाइलीत फोटो नाहीतच, त्याच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा पत्ता तेवढा आहे. त्याच्याकडे दिसतात आणि तुमच्याकडे नाहीत, ते यामुळे.

खात्री करायची तर फाइलच्या कॉपीचं नाव बदला, शेवटचं डॉक्स काढून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात मीडिया. फाइलीत खरोखर असलेले सगळे फोटो तिथे मिळतात. मुख्याध्यापकांचे तिथे नसतील.

हे तुमच्या मशिनवर दुरुस्त होणार नाही, त्यालाच करायला सांगा: फाइल, इन्फो, उजवीकडे खाली 'एडिट लिंक्स टू फाइल्स', सगळ्या लिंक निवडायच्या आणि 'ब्रेक लिंक'. मग सेव्ह करून परत पाठवायचं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सुटे फोटो पाठवू नको म्हणावं, पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर ते बारीक होऊन येतात आणि छपाईत फुटतात.

धागाकर्ता:
डीटीपीवाले, तुम्ही देव माणूस! एक्झॅक्टली १८ च होतं. रिप्लेस ऑल केलं आणि सगळी पोरं डोक्यासकट उभी राहिली. पानं मात्र वाढली, ते बघून घेतो. मीडिया फोल्डरमध्ये मुख्याध्यापक खरंच नव्हते, पोराला ताईंनी सांगितलेलं कळवलंय.

एकच राहिलं. देणगीदारांच्या तक्त्यातले छोटे फोटो अजून कापलेलेच आहेत. आणि प्रेसवाले म्हणतात वर्ड फाइल नको, काय द्यायचं?

डीटीपीवाला, शहापूर:
तक्त्यात रांगेची उंची बांधलेली असणार. तक्ता सिलेक्ट करून टेबल प्रॉपर्टीज, रो, तिथे एक्झॅक्टलीच्या जागी 'अ‍ॅट लीस्ट'.

प्रेसला पीडीएफ द्या, स्टँडर्ड क्वालिटीत, मिनिमम साइज नको. सोबत मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये द्या. वर्ड सेव्ह करताना फोटो साधारण २२० पीपीआयपर्यंत (दर इंचाला इतके पिक्सेल) उतरवतं, छपाईला ३०० असलेले बरे. चार इंच रुंद छापायचा तर फोटो १२०० पिक्सेल रुंद हवा. ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'डू नॉट कॉम्प्रेस' ला टिक करा, पण ती इथून पुढच्या फोटोंनाच उपयोगी, आधी उतरलेले परत चढत नाहीत. आणि पीडीएफमधलं कन्नड पान कन्नड येणाऱ्या कुणाकडून तरी एकदा वाचून घ्या, बीईओंच्या नावात ओत्ताक्षर (कन्नड जोडाक्षरातलं खालचं अक्षर) तुटलं तर फोटोपेक्षा मोठी भानगड होईल.