अंडपेशी पक्व करणारे एन्झाइम खाद्यातून देता येतात का?

गवळाऊपालक, आर्वी (जि. वर्धा)
नमस्कार. भ्रूण प्रत्यारोपणासाठी आमच्या गवळाऊ गायींच्या अंडपेशी काढल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच कच्च्या निघाल्याचे सांगण्यात आले. पुढे एका दुकानदाराने ढेपेत मिसळण्यासाठी एन्झाइमची पावडर दिली आणि तिने गाय उलटायची (भरवूनही पुन्हा माजावर यायची) थांबेल, असे सांगितले. ही पावडर अंडपेशीपर्यंत पोहोचते का, आणि मुळात तेथे एन्झाइमचे काम काय असते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

पशुवैद्यक, अमरावती
भाऊ, पोहोचत नाही. खाद्यातले एन्झाइम फार तर कुटार पचवायला मदत करतील. अंडपेशीला लागणारे एन्झाइम तिच्या आतच तयार होतात.

कालवड आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींचे विभाजन सुरू होऊन अर्ध्यावर थांबते आणि वयात आल्यावरही ते थांबलेलेच असते. अंडपेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू भरपूर असतो, त्यामुळे प्रोटीन कायनेज ए हा एन्झाइम जागा राहतो आणि विभाजन घडवणाऱ्या सीडीके-1 या एन्झाइमला दाबून ठेवतो. माजाच्या सुरुवातीला एलएच या अंडपेशी सुटायला लावणाऱ्या संप्रेरकाची लाट आली, की फॉस्फोडायएस्टरेज हा एन्झाइम सायक्लिक एएमपी मोडू लागतो, सीडीके-1 मोकळा होतो, केंद्रकाचे आवरण विरघळते आणि अंडपेशी पुढच्या टप्प्यावर जाते. तेथे मात्र शुक्राणू येईपर्यंत ती पुन्हा थांबते. फोडातून, म्हणजे अंडाशयातल्या ज्या द्रवाच्या पिशवीत अंडपेशी वाढते तिच्यातून, बाहेर काढलेली पूर्ण वाढलेली अंडपेशी संप्रेरकाशिवायही आपोआप पुढे सरकते, हे सशांमध्ये 1935 साली दिसले होते. म्हणजे तिला अडवून धरणारा फोडच असतो, आणि मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

प्रयोगशाळेतील ताई, नागपूर
वरील उत्तराला थोडी जोड देते. प्रयोगशाळेत गाय-म्हशीची अंडपेशी पक्व होण्यासाठी 38.5 अंश सेल्सिअसला साधारण 22 ते 24 तास ठेवतात. डुकरिणीच्या अंडपेशीला सुमारे 44 तास लागतात. या काळात अंडपेशीभोवतीच्या पेशी एका एन्झाइमच्या साहाय्याने हायल्युरोनिक आम्ल तयार करतात, त्यामुळे आधी घट्ट बिलगलेले ते आवरण फुगून चिकट आणि सैल होते. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही आधी तेच पाहतो.

कच्ची अंडपेशी ओळखण्याची एक चाचणीही एन्झाइमवरच आधारलेली आहे. वाढत्या अंडपेशीत ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजनेज जोमात असतो, म्हणून ब्रिलियंट क्रेसिल ब्लू हा निळा रंग तिच्यात फिका पडतो. वाढ पूर्ण झालेल्या अंडपेशीत तो एन्झाइम मंदावलेला असल्याने ती निळीच राहते.

गवळाऊपालक, आर्वी
डॉक्टरसाहेब, ताई, मनापासून आभार. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. त्याचाही परिणाम होतो का?

पशुवैद्यक, अमरावती
होतो, आणि ऊन ओसरल्यावरही काही आठवडे राहतो, कारण पावसाळ्याच्या सुरुवातीला सुटणाऱ्या अंडपेशी भर उन्हाळ्यात वाढलेल्या असतात. उष्णतेने पेशीत घातक ऑक्सिजन संयुगे वाढतात. त्यांना आवरणाऱ्या एन्झाइमपैकी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम, तर सुपरऑक्साइड डिसम्यूटेजला तांबे, जस्त आणि मँगनीज लागते. म्हणून पावडरीचा पैसा चांगले खनिज मिश्रण, गोठ्यावरची सावली आणि थंड पाणी यांवर घालावा. सेलेनियम मात्र वेगळे आणून अंदाजाने देऊ नये. जास्त झाल्यास ते विषारी ठरते.