एनक्लेक्स जवळ आली, धडधड थांबत नाही. काय करता तुम्ही?

रात्रपाळी_मिरज:
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. नर्सिंगनंतर आयसीयूत काम करतेय. अमेरिकेत नोंदणीकृत नर्स (आरएन) म्हणून काम करायला जी एनक्लेक्स-आरएन परीक्षा द्यावी लागते, तिची तारीख मिळाली, सेंटर मुंबई. अभ्यास होतोय, पण सराव प्रश्नसंच उघडला की तळहात घामेजतात. लागोपाठ दोनतीन उत्तरं चुकली की पुढचा प्रश्न वाचूनही डोक्यात शिरत नाही. वॉर्डात कोड ब्लू झाला, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडलं, तर मात्र हात थरथरत नाही, हे विशेष! फी, एजंट, कागदपत्रं यावर सल्ला नकोय, ते उरकलंय. या घाबरण्याचं काय करायचं तेवढं सांगा. रूममेट म्हणते, परीक्षेच्या दिवशी धडधड कमी करणारी प्रोप्रानोलॉलची गोळी घे. कुणी घेतली आहे का?

बिनसाखरेचा_चहा:
ताई, आधी ही परीक्षा चालते कशी ते नीट समजून घ्या. माझी निम्मी भीती तिथेच गेली. आपल्याला सवय विद्यापीठाच्या पेपरची, सोपं आधी सोडवायचं आणि अवघड शेवटी. इथे मागे जाता येत नाही. उत्तर बरोबर आलं की संगणक पुढचा प्रश्न साधारण त्याहून कठीण देतो, चुकलं की थोडा सोपा. तुमची पातळी जिथे असेल तिथे तो तुम्हाला अर्धे बरोबर, अर्धे चूक अशा काठावर आणून ठेवतो. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल मॅडम 'येत नाही' म्हणेपर्यंत विचारत राहतात ना, तसंच. म्हणजे चांगली तयारी झालेल्या मुलीलाही आपलं काही खरं नाही असंच वाटत राहतं. 'सगळं चुकतंय' या भावनेवरून निकालाचा अंदाज बांधूच नका.

शिवाय प्रश्न किमान ८५ आणि कमाल १५०. त्यातले १५ गुणांत धरलेच जात नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी पारखून बघायला घातलेले असतात, आणि ते कुठले हे कळत नाही. डोकं चक्रावणारा प्रश्न आला की मी मनात 'हा त्या पंधरातला' म्हणायचे आणि पुढे जायचे. खोटं असेलही, पण चालतं!

कोकणी_सिस्टर:
+१. आणि ८५ नंतर आकडा बघणं सोडा. ८५ ला बंद झालं म्हणजे पास असं नाही, १५० पर्यंत गेलं म्हणजे नापास असंही नाही. संगणकाला ९५ टक्के खात्री झाली की तो थांबतो, इकडे किंवा तिकडे. आमच्या टेलिग्राम ग्रुपवर रोज कुणीतरी 'आपलं ८५ ला बंद झालं' म्हणून मिरवायचं आणि बाकीच्यांची झोप उडायची. मी परीक्षेआधी ग्रुप म्यूट केला. सगळ्यात उपयोगी काम ते.

जुनी_इन्चार्ज:
प्रोप्रानोलॉलबद्दल. बाई, तू नर्स आहेस. पेशंटने रूममेटची गोळी घेऊ का विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस? दमा असेल तर ती धोक्याची, नाडी आणि बीपी खाली आणते. फारच त्रास असेल तर डॉक्टरांना दाखव, त्यांनी दिली तर आधी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघ. पहिला डोस परीक्षेच्या सकाळी नाही.

आणि झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, रडू येत असेल, तर 'परीक्षा झाली की होईल ठीक' म्हणून ढकलू नकोस. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

डॅलसची_माहेरवाशीण:
मला वाटतं आपल्या मुलींची निम्मी धडधड अनोळखी शब्दांची असते. पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन, अॅड्रेनलिनचं एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल. वजन पौंडात, ताप फॅरनहाइटमध्ये. याची वही करून रोज चाळा. दुसरं, कामाची वाटणी. आपल्याकडे नातेवाईक पेशंटला पुसतो, मावशी बेडपॅन देतात आणि उरलेलं सगळं सिस्टरच्या गळ्यात. तिथला प्रश्न विचारतो की एलपीएनला (आरएनच्या हाताखालच्या नर्सला) काय द्यायचं, सहायकाला काय. नियम पक्का धरा, पहिलं असेसमेंट, शिकवणं आणि निर्णय आरएनचा. आपल्या वॉर्डात काय चालतं ते परीक्षेत आठवूच नका.

'लागू असतील ते सगळे निवडा' वाल्या प्रश्नांना पूर्वी एक चुकलं की शून्य मिळायचं. एप्रिल २०२३ पासून अर्धवट गुणही मिळतात, फक्त चुकीचा पर्याय निवडला तर त्यातून गुण वजा होतो. त्यामुळे अंदाजाने खुणा करत सुटू नका.

कोकणी_सिस्टर:
आणि नाईट करून आल्यावर सराव संच सोडवू नका हो! झोपेतल्या मेंदूचे मार्क बघून उगाच घाबरायला होतं. परीक्षा ज्या वेळेला आहे त्याच वेळेला, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, सलग बसा. शेवटच्या आठवड्यात तरी इन्चार्जना सांगून नाईट बदलून घ्या.

रात्रपाळी_मिरज:
खूप आभार सगळ्यांचे. गोळीचा विचार सोडला. _जुनी_इन्चार्ज_ मॅडम, ओरडा पोचला! एक बारीक शंका, मधे ब्रेकमध्ये डबा खाता येतो का? उपाशी राहिले की माझी धडधड आणखी वाढते.

बिनसाखरेचा_चहा:
येतो. दोन ब्रेक मिळतात, पहिला दोन तासांनी, दुसरा साडेतीन तासांनी. घेतलेच पाहिजेत असं नाही, आणि वेळ तुमच्या पाच तासांतूनच जातो. डबा लॉकरमध्ये ठेवा. मोबाईल आणि वह्यांना मात्र ब्रेकमध्येही हात लावायचा नाही. पोहे न्या, तेलकट नको.