मदत हवी आहे: दारूचं व्यसन रक्तात उतरतं का? टेस्ट कुठे होते?

मांडवीकर: धाकट्या बहिणीसाठी स्थळ आलंय. बाकी सगळं उत्तम, पण वडील दारूपायी गेले. आई म्हणते, हे रक्तात उतरतं. जीन तपासून मिळतात का? बडोद्यात कुठे? रविवारच्या आत कळवायचंय, लवकर सांगा.

रेवाकाठ: कुणाचे वडील? तुमचे की मुलाचे?

मांडवीकर: मुलाचेच हो! आमच्याकडे कुणी शिवतसुद्धा नाही.

फोडणीचा भात: गुजरातेत 1960 पासून दारूबंदी आहे, काळजी कसली? पत्रिका जुळली का? दांडिया बाजारात एक चांगले गुरुजी आहेत, नंबर देऊ?

रेवाकाठ: दारूबंदी म्हणे! शनिवारी दमणच्या रस्त्याला उभ्या राहून बघा.

पेशीकेंद्रक: जनुकशास्त्र शिकवते म्हणून लिहिते. व्यसनाचा असा एकच जीन नसतो, अनेकांचा थोडा थोडा हात असतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात. डेन्मार्कमध्ये लहानपणीच दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास 1973 साली प्रसिद्ध झाला. जन्मदात्यांपैकी एक दारूच्या आहारी गेलेला असेल, तर मुलात व्यसनाचं प्रमाण जवळपास चौपट निघालं. तरी त्यातले बहुतेक व्यसनी झाले नाहीतच. एएलडीएच2 या जीनचा एक प्रकार असला की जराशी घेतली तरी तोंड लाल होतं, मळमळतं, मग माणूस फारसा पीत नाही. पण तो चीन-जपानकडे पुष्कळ, आपल्याकडे क्वचित. टेस्टवर पैसे घालवू नका. आणि मुलगा स्वतः पितो का, ते लिहिलंच नाहीत.

मांडवीकर: पुण्यात नोकरीला आहे. पार्टीत घेतो, पण चार पेग झाले तरी पाय हलत नाही, त्याचे मित्रच सांगत होते. म्हणजे कंट्रोल आहे.

फोडणीचा भात: पचवणारा आहे मग! आमच्या मामंजींनाही कधी चढलेली कुणी पाहिली नाही.

पेशीकेंद्रक: उलट आहे. व्यसनी बापाच्या मुलांत हेच जास्त दिसतं. चढत नाही म्हणून प्रमाण वाढत जातं, आणि पुढे व्यसन लागण्याचा धोकाही. किती घेतो, कितव्या वर्षापासून घेतो, ते विचारा. 15च्या आत सुरुवात झाली असेल तर धोका आणखी.

ओसरी: माझे वडील प्यायचे. मी थेंबही घेत नाही. तरी ठरलेलं लग्न एवढ्यावरूनच मोडलं. चालू द्या तुमचं विज्ञान.

रेवाकाठ: तुमचं खरंय, पण तुम्ही आणि हा चार पेगवाला एकाच मापात कसे?

ओसरी: त्यांच्या आईच्या मापात एकच.

मांडवीकर: आईवर येऊ नका. बहीण रोज त्याच्याशी फोनवर बोलतेय, तीच विचारेल म्हणाली. पण मुंबईत तरी होते का ही टेस्ट?